मूत्रपिंडाचे रक्षण आणि चीनची जडीबुटी

रेल्वेच्या डब्यात, एस. टी. स्टँडच्या भिंतीवर आणि हल्ली हातातल्या मोबाईलवर एक जाहिरात हमखास दिसते. 'किडनी निकामी? डायलिसिस टाळा! जडीबुटीने शर्तिया इलाज!' अलीकडे या जाहिरातींत 'चीनची पाच हजार वर्षांची परंपरा' हे शब्दही येऊ लागले आहेत. घरात मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असलेली माणसे ती वाचतात, नंबर लिहून घेतात आणि कर्ज काढून पुड्या आणतात.

आपल्या समाजात मधुमेह आणि रक्तदाब हे आता श्रीमंतांचे रोग राहिलेले नाहीत. सफाई कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या आयाबहिणी, निवृत्त गिरणी कामगार, सगळ्यांच्या घरात ते शिरले आहेत. परमपूज्य बाबासाहेबांचे शरीरही अखेरच्या वर्षांत मधुमेहानेच पोखरले होते, हे आपण सर्व जाणतो. हे दोन्ही रोग गुपचूप मूत्रपिंडावर घाला घालतात. म्हणून चिनी जडीबुटीने मूत्रपिंड खरोखर वाचते का, हा प्रश्न आपल्या घरातला आहे. त्याचे उत्तर चीनमध्येच शोधले पाहिजे, कारण या औषधांचा लाभही तिथेच तपासला गेला आणि त्यांचा धोकाही जगाला कळला.

शरीराचा हिशेबनीस

मूत्रपिंडे दोन. मुठीएवढी, कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातले कामाचे सर्व परत रक्तात जमा करतात आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. मीठ किती ठेवायचे, पोटॅशियम किती सोडायचे, रक्तदाब किती राखायचा, नवे रक्त तयार करण्याचा निरोप केव्हा धाडायचा, हे सगळे हिशेब मूत्रपिंड करते. कचेरीत खातेवही लिहिणाऱ्या माणसाला या कारभाराचे फार कौतुक वाटते. इतका चोख जमाखर्च कुठल्याच कचेरीत नसेल.

पण या हिशेबनिसाचा एक दोष आहे. तो तक्रार करीत नाही. निम्मे काम बंद पडले तरी रुग्णाला काही जाणवत नाही. रक्तातले क्रिएटिनिनही बराच काळ फारसे वाढत नाही. पायावर सूज, तोंडाला चव नाही, मळमळ, दम ही लक्षणे दिसतात तेव्हा तिजोरी जवळजवळ रिकामी झालेली असते. पहिली खूण मात्र खूप आधी मिळते. ती म्हणजे लघवीतून जाणारी प्रथिने. गाळणीची जाळी फाटू लागली की जे आत राहायचे ते बाहेर गळते. ही गळती तीन महिन्यांहून अधिक काळ राहिली, किंवा गाळण्याचा वेग तेवढाच काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घ आजार म्हणतात. वेग १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते.

चीनमध्ये या आजाराची मोठी पाहणी झाली. २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथील प्रौढांपैकी १०.८ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे बारा कोटी माणसांना, हा आजार असल्याचे आढळले. एवढे रुग्ण आणि घरोघरी काढ्याची जुनी सवय. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आपल्या वनस्पतींकडे वळावे यात नवल नाही.

चीनचे 'शेन' म्हणजे आपली किडनी नव्हे

इथे एक घोटाळा समजून घेतला पाहिजे. जुन्या चिनी वैद्यकात 'शेन' हा शब्द आहे. त्याचे भाषांतर मूत्रपिंड असे करतात. पण त्या वैद्यकाच्या मते शेनमध्ये माणसाचे मूळ सत्त्व साठवलेले असते. वाढ, संतती, हाडे, केस, कानांनी ऐकणे, एवढेच काय भीती ही भावनासुद्धा शेनच्या खात्यात जमा आहे. त्यामुळे एखाद्या डबीवर 'शेन बळकट करणारे औषध' असे लिहिले असेल, तर ते कंबरदुखीवर, केस पिकण्यावर किंवा पुरुषाच्या अशक्तपणावर असू शकते. क्रिएटिनिनशी त्याचा काही संबंध असेलच असे नाही. आपल्याकडचा विक्रेता मात्र त्याच डबीवर 'किडनी टॉनिक' असे छापतो आणि डायलिसिसच्या रुग्णाला विकतो.

याचा अर्थ जुने चिनी वैद्य अडाणी होते असा मुळीच नाही. अंगावरची सूज बोटाने दाबून ओळखणे, लघवी कमी होण्याशी तिचा संबंध जोडणे, हे त्यांनी फार पूर्वी केले. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याने आठ द्रव्यांची एक गोळी सांगितली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला छ्यान यी या बालवैद्याच्या हाताने तिच्यातली वचनाग आणि दालचिनीच्या जातीची ही दोन उष्ण द्रव्ये वगळली गेली आणि लहान मुलांना सोसेल अशी सहा द्रव्यांची गोळी तयार झाली. ती आजही चीनच्या दुकानांत मिळते. निरीक्षण करणे, जुन्यात बदल करणे हे त्यांनाही ठाऊक होते. उणीव होती ती मोजमापाची.

बाबासाहेबांचा समकालीन विद्यार्थी

या वादाचा एक मोठा साक्षीदार आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. हू शी हे चीनचे थोर विचारवंत. जन्म १८९१, म्हणजे बाबासाहेबांच्याच वर्षी. १९१५ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि प्रा. जॉन ड्युई यांचे विद्यार्थी बनले. त्या वेळी बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकत होते आणि ड्युई यांचेच विद्यार्थी होते. दोघांनाही पीएच. डी. ची पदवी रीतसर मिळाली ती १९२७ साली. योगायोग पाहा! एकाने चीनमधल्या जुनाट रूढींवर प्रहार केले, दुसऱ्याने भारतातल्या.

१९२० च्या अखेरीस हू शी आजारी पडले. पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना मधुमेहाचा आणि मूत्रपिंडाच्या दाहाचा संशय आला. मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी लू चुंगआन नावाच्या चिनी वैद्याचे औषध घेतले. त्यात 'हुआंगची' ही मुळी मोठ्या प्रमाणात होती. हू शी बरे झाले. आता परंपरेच्या नावाने ढोल वाजवायला ही नामी संधी होती. पण १९२१ साली त्यांनी जे लिहिले त्याचा मथितार्थ असा होता की, कोणीतरी या मुळीचे रासायनिक पृथक्करण करावे, तिच्यात नेमके काय आहे ते शोधावे, म्हणजे चिनी औषधाची खरी किंमत जगाला कळेल. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात 'हू शींचा मधुमेह चिनी औषधाने बरा झाला' असा बोलबाला झाला, तेव्हा आपल्याला मधुमेह होताच हे सिद्ध झालेले नव्हते, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. स्वतःला गुण आला तरी त्याला पुरावा म्हणायचे नाही, ही केवढी मोठी शिस्त!

उलट बाजूची गोष्टही चीनमध्येच घडली. लियांग चिचाव या सुधारक नेत्याच्या लघवीतून रक्त जात होते. १९२६ साली पेकिंगच्या आधुनिक रुग्णालयात त्यांचे उजवे मूत्रपिंड काढले. रक्त थांबले नाही. काढलेल्या मूत्रपिंडात रोग नव्हता अशी चर्चा झाली, वर्तमानपत्रे डॉक्टरांवर तुटून पडली. पण लियांग यांनी जाहीर लेख लिहून रुग्णालयाची बाजू घेतली. आपल्या एकट्याच्या प्रकरणावरून देशाने विज्ञानाकडे पाठ फिरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली ते वारले. त्याच वर्षी चीनमध्ये जुने वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि वैद्यांच्या प्रचंड विरोधापुढे तो बारगळला. पुढे साम्यवादी राजवटीने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणून आजही चीनच्या रुग्णालयांत डायलिसिसचे यंत्र आणि काढ्याचा विभाग एकाच छताखाली दिसतो.

चार वनस्पती, चार हिशेब

आता प्रत्यक्ष औषधांकडे वळू.

पहिली हुआंगची. आपल्या हरभऱ्या-तुरीच्या कुळातल्या एका झुडपाची ही पिवळी मुळी. मूत्रपिंडाच्या आजारात चीनमध्ये ती फार वापरतात. २०१४ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिच्यावरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या. रुग्णांची बेरीज १,३२३. लघवीतली प्रथिने कमी झाल्याचे आणि इतर काही आकडे सुधारल्याचे दिसले. पण बहुतेक चाचण्या लहान होत्या आणि त्यांची पद्धत सदोष होती. किती रुग्णांचे डायलिसिस टळले, या मुख्य प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. म्हणजे जमेच्या बाजूला नोंद आहे, पण पावती जोडलेली नाही.

दुसरी आपल्या भेंडीची चुलत बहीण. पिवळ्या फुलांची ही वनस्पती रानभेंडीच्या जातकुळीतली आहे. तिच्या फुलांच्या अर्काची कॅप्सूल चीनमध्ये मूत्रपिंडाच्या दाहावर देतात. तिची चाचणी बरीच चांगली झाली. ४१७ रुग्णांचे गट पाडून काहींना ही कॅप्सूल, काहींना लोसार्टन ही आधुनिक गोळी आणि काहींना दोन्ही दिले. २४ आठवड्यांनंतर पाहिले, तर कॅप्सूलच्या गटात प्रथिनांची गळती लोसार्टनपेक्षा जास्त कमी झाली होती. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. ही आनंदाची बातमी आहे. पण चाचणी झाली ती मोजून-मापून काढलेल्या अर्काची, विशिष्ट रोगाच्या आणि मूत्रपिंड अजून बरे चालत असलेल्या रुग्णांवर. शेताच्या बांधावरची रानभेंडी उकळून प्यायला त्यातून परवानगी मिळत नाही.

तिसरी रेवंदचिनी. हे नाव आपल्या आजीबाईंना ठाऊक आहे. नावातच चीन आहे. चिनी डॉक्टर मूत्रपिंड निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला ती देतात. हेतू असा की, जी घाण लघवीतून जात नाही ती थोडी शौचावाटे तरी जावी. कल्पना वाईट नाही. पण रेवंदचिनी हा जुलाब आहे. प्रमाण चुकले, अंगातले पाणी कमी झाले, की आजारी मूत्रपिंड आणखी खचते. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होणारे काम आणि घरी चमच्याने मोजून होणारे काम यांत हा फरक पडतो.

चौथी 'लेइ कुंग थंग'. या नावाचा अर्थ मेघगर्जनेच्या देवाची वेल. ही वेल विषारी आहे. नानजिंगचे मूत्रपिंडतज्ज्ञ ली लेइशी यांनी १९७० च्या दशकात तिचा अर्क मूत्रपिंडाच्या दाहावर वापरायला सुरुवात केली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मूत्रपिंडावर उलटते, तेव्हा ही वेल तिला आवर घालते. गळती थांबते, हे खरे. पण यकृताला इजा, रक्तपेशी कमी होणे, स्त्रियांची पाळी बंद होणे, पुरुषाचे वीर्य कमजोर होणे हे तिचे तोटेही तितकेच खरे आहेत. 'जडीबुटी आहे, अपाय काय होणार?' असे म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण पाठ करून ठेवावे.

ब्रुसेल्सच्या स्त्रिया

आता खर्चाची बाजू. ती फार भयंकर आहे.

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स. १९९२ साली तिथल्या डॉक्टरांकडे तरुण स्त्रिया येऊ लागल्या. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही काही महिन्यांत मूत्रपिंडे आकसून गेलेली. चौकशीत कळले की, सर्व जणी वजन कमी करण्यासाठी एकाच ठिकाणी उपचार घेत होत्या. तिथे पंधरा वर्षे काही बिघडले नव्हते. मात्र १९९० साली त्यांच्या औषधात दोन चिनी वनस्पतींची भर पडली होती. १९९३ साली डॉ. व्हानेर्वेघेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या नऊ स्त्रियांची हकीकत जगापुढे मांडली. पुढे हा आकडा शंभरावर गेला.

काय घडले होते? 'हान फांग ची' नावाची मुळी हवी होती. पुरवठ्यात 'क्वांग फांग ची' आली. आडनाव एकच, झाड निराळे. दुसऱ्या झाडात ॲरिस्टोलोकिक ॲसिड नावाचे विष असते. मूत्रपिंडाच्या नळ्यांतल्या पेशी हे विष आत ओढून घेतात. तिथे ते पेशीच्या मूळ जनुकद्रव्याला चिकटते. नळ्या मरतात, त्या जागी व्रणाचा टणक तंतू भरतो. औषध बंद केले तरी नाश थांबत नाही. एवढ्यावरच भागले नाही. ज्यांची निकामी मूत्रपिंडे खबरदारी म्हणून काढली, अशा ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. हे २००० साली प्रसिद्ध झाले.

या एका धाग्याने जुनी कोडी सुटली. युरोपात डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी कुटुंबे मूत्रपिंडाच्या रोगाने मरत होती. गव्हाच्या शेतात त्याच जातीचे तण उगवत होते, कापणीत त्याचे बी गव्हात मिसळत होते आणि भाकरीवाटे विष पोटात जात होते. तैवानमध्ये १९९७ ते २००३ या काळात लोकसंख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना ॲरिस्टोलोकिक ॲसिड असू शकेल अशी औषधे लिहून दिली गेली होती. तिथे मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वांत अधिक आहे. २००३ साली तैवानने ही औषधे बंद केली. चीननेही त्या सुमारास त्यांतल्या काही वनस्पती आपल्या अधिकृत यादीतून काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे विष कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले आहे.

शेकडो वर्षे ही औषधे देणाऱ्या वैद्यांना हे का कळले नाही? ते लबाड होते म्हणून नव्हे. विष आज पोटात जाते आणि मूत्रपिंड किंवा कर्करोग काही वर्षांनी हिशेब मागतो. तोवर औषध कोण विसरले, वैद्य कोण होता, सगळे पुसले जाते. नोंदवही ठेवल्याशिवाय आणि हजारो माणसांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय हे सत्य कुणाच्याही अनुभवाला दिसणारे नव्हते. 'आमच्या पूर्वजांचा अनुभव' हा शब्द किती अपुरा आहे, हे इथे कळते.

आपल्या घरातला धोका

ही वनस्पती परदेशातच उगवते असे समजू नका. तिच्याच जातीची सापसंद, जिला ईश्वरी असेही म्हणतात, आपल्या रानात आहे. साप चावला तर ती देण्याची जुनी रीत आहे. किडामारही त्याच जातीतली. पोटातल्या जंतांवर आणि खरजेवर तिचा पाला वापरतात. कुणी कितीही मायेने दिली तरी ही वनस्पती पोटात घेऊ नये.

आणखी काही गोष्टी. अमेरिकेत बोस्टन शहराच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. जड धातू मूत्रपिंडाचे वैरी आहेत. ज्येष्ठमध चिनी काढ्यांत सर्वाधिक वापरला जातो आणि आपल्याकडेही खोकल्याला चघळतात. तो रोज भरपूर खाल्ला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरते. उलट आजारी मूत्रपिंडाच्या माणसाने पालेभाज्यांचे व मुळ्यांचे काढे वाट्या भरून प्यायले तर पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. डायलिसिसच्या रुग्णाला कमरकाचे फळसुद्धा मेंदूवर आघात करणारे ठरते. आणि हो, दोष एकट्या जडीबुटीचा नाही. गुडघेदुखीवर मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाणे हाही मूत्रपिंडाचा घातच आहे.

आरोग्य शिबिराच्या वेळी विहारात नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे असते. 'कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारले की लोक डॉक्टरांच्या गोळ्या सांगतात. पुडीचे नाव घेत नाहीत. एका मावशींनी सर्व सांगून झाल्यावर, उठता उठता, हळूच सांगितले की आठ महिन्यांपासून त्या एक काळी पूड घेत आहेत आणि तेव्हापासून रक्तदाबाची गोळी बंद केली आहे. पूड देणाऱ्याने तसेच बजावले होते. पुडीला लेबल नव्हते, पावती नव्हती. आत काय आहे हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. इथे नुकसान दुहेरी होते. अज्ञात वस्तू पोटात जाते आणि ज्ञात औषध सुटते.

सफरचंदाची साल आणि सापाचे विष

मग वनस्पतीचे औषध खोटे काय? अजिबात नाही. चीनच्या तू योयो या महिला शास्त्रज्ञांनी चौथ्या शतकातल्या वैद्यकग्रंथातला धागा पकडला. तिथे वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची सूचना होती. उकळल्याने गुण नष्ट होत असावा हे त्यांनी ताडले, कमी उष्णतेत अर्क काढला, १९७२ साली तो आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मग रुग्णांवर तपासला. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन ते हेच. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडाचीही अशीच कथा आहे. १८३५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा केला. त्याने लघवीतून साखर जाते असे दिसले. त्या पदार्थाच्या धर्तीवर दीडशेहून अधिक वर्षांनंतर डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या बनल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४,३०४ रुग्णांच्या चाचणीत मूत्रपिंड झपाट्याने खालावणे, निकामी होणे किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे हा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्यात मधुमेह नसलेले रुग्णही होते. तशाच प्रकारे ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल ही गोळी निघाली. १९९३ साली मधुमेही रुग्णांवरच्या चाचणीने तिने मूत्रपिंड वाचते हे दाखवले. लोसार्टन त्याच मार्गावरची पुढची पायरी. लोसार्टन आता स्वस्त आहे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली संपल्यावर त्याही गोळ्या अनेक कंपन्यांच्या निघाल्या आणि भाव उतरला. कोणाला कोणती गोळी, हे डॉक्टरच रक्त तपासून ठरवतील.

झाडाची साल आणि सापाचे विष यांचे औषध झाले ते तपासणीच्या भट्टीतून गेल्यावर. पूर्वी वैद्य म्हणत होते म्हणून नव्हे.

जीवकाची कसोटी

आपल्या धम्मात औषधाला मोठे स्थान आहे. विनयपिटकात तथागतांनी आजारी भिक्खूंना हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा अशा मुळ्या घेण्याची परवानगी दिली आहे. जीवक तक्षशिलेत शिकत असताना गुरूंनी त्याला सांगितले की, नगराभोवती एक योजनभर फिर आणि जी औषध नाही अशी वनस्पती आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. प्रत्येक वनस्पतीत काही ना काही गुण आहे, असा या गोष्टीचा अर्थ आपण सांगतो. पण जीवक प्रत्येक झाड पारखून पाहत फिरला, हा तिचा दुसरा अर्थ आपण विसरतो. सातव्या शतकात चीनहून आलेला भिक्खू इत्सिंग नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने दोन्ही देशांच्या औषधांची तुलना लिहून ठेवली आणि मलमूत्राचे औषध करण्याच्या रिवाजाचा कडक शब्दांत निषेध केला. धम्माच्या वाटेने चीन आणि भारत यांच्यात औषधाची देवघेव झाली ती अशी, डोळे उघडे ठेवून.

कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. हितकारक की अहितकारक ते स्वतः पारखा. 'पाच हजार वर्षांची परंपरा' या जाहिरातीला याहून चोख उत्तर कोणते?

काय करावे?

बंधूंनो आणि भगिनींनो, मूत्रपिंडाचे रक्षण करणाऱ्या गोष्टी गुप्त नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासा. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा. मीठ सर्व मिळून दिवसाला एका लहान चमच्याहून कमी हवे. सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यात धरायचे. तंबाखू सोडा. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. कोणतीही पुडी, काढा, भस्म घेत असाल तर ती डॉक्टरांपुढे ठेवा, लपवू नका. ज्या औषधावर घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही ते घरात आणू नका. जो 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा' म्हणतो त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवू नका.

आणि वेळ आलीच तर डायलिसिसला घाबरू नका. १९७५ साली अटकेत असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिसवर ते १९७९ पर्यंत जगले आणि त्या काळात देशाचे राजकारण बदलून गेले. तेव्हा डायलिसिस दुर्मिळ होते. आज महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुडीवाल्याला दिलेला पैसा परत मिळत नाही. हा मात्र आपला हक्क आहे.

एक सूचना विहार समित्यांना आणि जयंती मंडळांना. दर वर्षी १४ एप्रिलला आपण वर्गणी गोळा करतो. तिच्यातला एक लहानसा वाटा रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि लघवी तपासण्याच्या पट्ट्या यांसाठी काढून ठेवा. दर महिन्याच्या एका पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करा आणि एका वहीत नोंदी ठेवा. ज्याच्या पट्टीचा रंग बदलला त्याला सोबत करून सरकारी दवाखान्यात न्या. महिला मंडळांनी हे काम हाती घेतले तर ते नक्की टिकेल, कारण घरातली आजारपणे त्यांनाच आधी कळतात. आजारी माणसाची सेवा ही माझीच सेवा, असा तथागतांचा उपदेश आहे. पट्ट्या, यंत्र आणि वही, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ती सेवा आपल्या वस्तीत याच पौर्णिमेपासून सुरू करता येईल.

जयभीम!